चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी : ओव्हरफ्लो आणि सम्पची मांडणी

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी घरी गोड्या पाण्याचे मासे पाळतो आहे आणि आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी मांडणार आहे. कुर्ल्याच्या एका कारागिराकडून ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच अशी टाकी करून घेतली आहे. काच १२ मिलिमीटर जाडीची साधी फ्लोट काच आहे आणि तिला अजून एकही भोक पाडलेले नाही. खालच्या कपाटात आतून ११० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ७० उंच एवढी जागा मिळते. त्यात ९० × ४० × ४० सेंटिमीटरचा काचेचा सम्प (फिल्टर आणि पंप ठेवायची खालची टाकी) बसवावा असा विचार आहे.

आजवर टाकीच्या काठाला टांगायच्या फिल्टरवर माझे भागले, त्यामुळे वरच्या टाकीतले पाणी खाली उतरवणे आणि पंपाने ते पुन्हा वर चढवणे हा प्रकार माझ्यासाठी नवा आहे. भोके तळाला पाडावीत की मागच्या काचेला? उतरता पाइप एक असावा की अधिक? दुकानदाराने तासाला ३००० लिटरचा पंप सुचवला आहे, तो योग्य आहे का? टाकी दिवाणखान्यात येणार आणि माझी आई तिथेच झोपते, तेव्हा रात्रभर गुडगुड आवाज चालणार नाही. शिवाय आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, तर मला त्यांच्यापुढे उभे राहता येणार नाही.

शंखशिंपला (माहीम)

भोके पाडण्याआधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. पंप, पाइप, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) यांच्याकडे आपण वळूच, पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लिटरमध्ये काढून कागदावर लिहा : टाकी चालू असताना वीज गेली, तर वरून खाली किती पाणी येईल आणि ते सम्पमध्ये मावेल का? मी हा हिशेब न करता टाकी चालवत होतो आणि त्याची किंमत मोजली आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तो दिवस अनेकांना आठवत असेल. माझी टाकी तेव्हा ३ फूट बाय दीड फूट होती. एकूण पाणी जितके जास्त तितकी टाकी स्थिर, या समजुतीने मी सम्प वरपर्यंत भरत असे. रिटर्नचे, म्हणजे पंपाचे पाणी टाकीत परत सोडणाऱ्या पाइपाचे, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली ९ सेंटिमीटरवर होते, कारण तिथून प्रवाह खडकांवर चांगला पोहोचत असे. पंप थांबताच त्याच पाइपातून पाणी सायफनने उलटे खाली येऊ लागले. त्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ४ लिटर, म्हणजे खाली आलेले पाणी ३६ लिटर, आणि सम्पमध्ये रिकामी जागा होती अवघी २० लिटरची. उरलेले १६ लिटर लादीवरून सोफ्याखाली गेले. हवा शिरून सायफन तुटावा म्हणून मी पाइपाला बारीक भोक पाडलेले होते, पण ते गुलाबी चुनखडी शेवाळाने केव्हाच बुजले होते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवलेला होता. संध्याकाळी तो उघडून पाहिला, तर झडपेच्या कडेला मोहरीच्या दाण्याएवढी गोगलगाय अडकून मेलेली सापडली. झडप तेवढ्याने किंचित उघडी राहिली होती आणि पाण्याला तेवढी फट पुरली.

त्या दिवशी दुसरी चूक मी स्वतः शुद्धीवर असताना केली. लादी पुसून झाल्यावर सम्पची पातळी भरून काढण्यासाठी आर.ओ.चे साधे पाणी ओतले. रोज बाष्पीभवनाने जाते ते निव्वळ पाणी असते, मीठ मागे राहते, म्हणून रोजची भर साध्या पाण्याची घालायची असते. सांडले होते ते मात्र खारे पाणी होते. सगळी मिळून २२० लिटरची माझी यंत्रणा, त्यामुळे क्षारता हजारी ३५ वरून साडेबत्तिसावर आली आणि दोन दिवस मासे खडकाआड बसून राहिले. सांडलेल्या पाण्याच्या जागी नेहमी मिठाचे कालवलेले पाणीच घालावे.

आता तुमच्या टाकीकडे. भोके मागच्या काचेला, वरच्या भागात पाडा. तळाच्या भोकाचा वायसर कधी दगा देऊ लागला, तर अख्खी टाकी रिकामी होऊ शकते. मागच्या वरच्या भोकाच्या वायसरने दगा दिला, तर पाणी त्या भोकाच्या उंचीपर्यंतच उतरेल. शिवाय तळाचे पाइप टाकीखालच्या जागेतच वळवावे लागतात आणि दुरुस्तीला हात पोहोचत नाही. मागे भिंतीपासून १५ सेंटिमीटर जागा मात्र सोडावी लागेल.

लंबकोन (दादर)

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, म्हणून पाइपांच्या चर्चेत मध्येच वजनाचा मुद्दा मांडतो. टाकीतले पाणी सुमारे ३८० किलो, १२ मिलिमीटर काचेचे वजन सुमारे ८५ किलो, पाण्यासह सम्प ९० ते ९५ किलो, खडक आणि वाळू ५० किलो आणि लोखंडी सांगाडा ७० किलो धरला, तर एकूण ६८० किलोच्या आसपास जाते. हे सगळे पाऊण चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर उभे राहणार. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आय.एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात धरलेला चल भार (माणसे, सामान यांचा) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो आहे. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला भार असतो, त्यामुळे एका कोपऱ्यात त्याहून अधिक भार आला की स्लॅब लगेच धोक्यात येतो असे मुळीच नाही. पण टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता बीमजवळच्या भिंतीलगत ठेवणे आणि सांगाड्याचे पाय टोकदार न ठेवता त्यांच्याखाली रुंद पट्ट्या देणे ही किमान काळजी घ्यायला हवी.

तुमची इमारत किती जुनी आहे ते लिहिलेले नाही. ३० वर्षांवरील इमारतींना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तुमच्या सोसायटीने ती केली असेल, तर सेक्रेटरींकडून अहवाल मागून घ्या, आणि ज्या अभियंत्याने तपासणी केली त्यालाच टाकीची जागा दाखवा. गिरगाव, काळबादेवीकडच्या लाकडी तुळयांच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तर एवढी टाकी अभियंत्याने जागा पाहिल्याशिवाय मांडूच नये.

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

आपणा दोघांचे मनापासून आभार. इमारत १९८८ ची आहे आणि तपासणीचा अहवाल सोसायटीकडे आहे, तो उद्याच मागतो. टाकीची जागा बीमखालच्या भिंतीलगतच आहे. भोके मागच्या काचेलाच पाडायचे ठरले. आता पाइप किती आणि कसे, हे सांगावे.

शंखशिंपला (माहीम)

पाइप तीन ठेवा. एकाच पाइपाची डर्सो पद्धत सोपी आहे, पण त्या पाइपातून पाणी आणि हवा एकत्र उतरतात आणि गुडगुड आवाज नेमका त्यातूनच येतो. पाइपात हवा शिरूच दिली नाही, तर पाणी निःशब्द उतरते. तीन पाइपांच्या बीनअ‍ॅनिमल पद्धतीत पहिला पाइप पूर्ण भरलेल्या सायफनवर चालतो आणि त्याच्या खालच्या टोकाला असलेल्या व्हॉल्व्हने त्याचा प्रवाह पंपाच्या प्रवाहापेक्षा किंचित कमी ठेवला जातो. उरलेले थोडेसे पाणी दुसऱ्या, उघड्या पाइपाच्या कडेने पातळ थरासारखे घसरत जाते आणि त्याचाही आवाज होत नाही. तिसरा पाइप सर्वांत उंच तोंडाचा, कायम कोरडा. पहिला तुंबला की ओव्हरफ्लोच्या पेटीतली (टाकीच्या काठावरचे जादा पाणी जिथे पडते तिथली) पातळी चढते, दुसऱ्या पाइपात हवा सोडणारी नळी पाण्याखाली जाते आणि तो स्वतःच सायफनवर चालू लागतो. तोही तुंबला तर तिसरा आहेच. दोन पाइपांची हर्बी पद्धतही शांत चालते, परंतु तिच्यात पहिल्या पाइपाचा व्हॉल्व्ह फार बारकाईने जुळवावा लागतो आणि पंपाचा प्रवाह थोडा बदलला की तो पुन्हा जुळवत बसावे लागते. आई त्याच खोलीत झोपतात, तेव्हा तिसऱ्या भोकाचा खर्च करा.

इंची पाइप सायफनवर चालला की एवढ्या उंचीवरून तासाला ३००० लिटरच्या आसपास पाणी सहज उतरवतो. तुमची गरज त्याहून खूप कमी आहे. सम्पमधून तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरले की पुरते, म्हणजे तुमच्याकडे १५०० ते १८०० लिटर. खडकांभोवतीचा जोरदार प्रवाह वेव्हमेकरने (टाकीतच लावायच्या, पाणी ढवळणाऱ्या पंख्याने) द्यायचा असतो, रिटर्नकडून त्याची अपेक्षा ठेवू नये. दुकानदाराचा ३००० लिटरचा पंप मात्र चुकीचा नाही, कारण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो आणि दीड मीटर चढ, वर एल्बो (पाइपाची वळणे), यांत त्यातला बराच भाग जातो. पंप बसवल्यावर रिटर्नचे तोंड बादलीत सोडून घड्याळ लावा. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर तासाला १८०० लिटर.

ओव्हरफ्लोची पेटी आतून ६० सेंटिमीटर लांब आणि १२ रुंद करा. काठ जितका लांब, तितका त्यावरून जाणारा पाण्याचा थर पातळ, आणि पृष्ठभागावर साचणारा तेलकट तवंग तितका पूर्ण ओढला जातो. सम्प लावायचे निम्मे कारण हा तवंग आहे, कारण तो गेला की पाण्यात प्राणवायू नीट विरघळतो आणि स्किमरला त्याचे काम मिळते.

पाइपलाइन (भांडुप)

नळजोडणी हा माझा व्यवसाय आहे आणि आजवर वीसेक टाक्यांना भोके पाडून दिली आहेत, म्हणून थोडे लिहितो. सर्वांत आधी काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) नाही याची खात्री करा. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा पडदा पांढरा करून काचेच्या एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. काळसर डाग किंवा पट्टे दिसले, तर काच टफन्ड आहे आणि ड्रिल लावताच तिचे दाणे होतील. कारागिराने तोंडी सांगितले तरी हे करून पाहा, त्याला दोन मिनिटेच लागतात.

भोकाचा आकार पुस्तकातून घेऊ नका. टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) हातात घ्या, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि मगच डायमंड कटर आणा. इंची टँक निपलला साधारण ४५ मिलिमीटर लागते, पण दोन कंपन्यांच्या निपलमध्येही दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी पाहिला आहे. भोक काचेच्या कडेपासून आणि दुसऱ्या भोकापासून किमान एका व्यासाएवढे दूर हवे. टाकी आडवी करून मागची काच खाली जाड थर्माकोलवर टेकवा, आतल्या बाजूने भोकाभोवती मुलांच्या मातीने पाळ करून त्यात पाणी भरा आणि ड्रिल हळू गतीवर, स्वतःच्या वजनानेच चालू द्या. १२ मिलिमीटरला दहा-पंधरा मिनिटे लागतात. काचेचा पांढरा गाळ दाट झाला की पाणी बदला. शेवटच्या दोन मिलिमीटरला हात अगदी हलका करा, कारण पलीकडची कपची तेव्हाच उडते.

वायसर आतल्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला, निपलच्या कॉलर आणि काच यांच्यामध्ये बसवायचा. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्यायचा. पान्याने आवळत राहिलात तर वायसर बाहेर सरकतो आणि मग गळती थांबत नाही. वायसरला सिलिकॉन लावायची पद्धत मी सोडून दिली आहे.

आणि कृपया पितळी गेट व्हॉल्व्ह घेऊ नका. नागदेवीला गेलात की दुकानदार सवयीने पितळी किंवा गनमेटलचाच पुढे करील. त्यातले तांबे खाऱ्या पाण्यात उतरते आणि ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांच्या जिवावर बेतते. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मिळाला तर उत्तम, नाहीतर पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह घ्या. जुळवायला तो थोडा अधिक वेळ खातो इतकेच. काटकोनी एल्बोऐवजी शक्य तिथे ४५ अंशांचे दोन वापरा, पंपाजवळ आणि व्हॉल्व्हच्या वर युनियन (पुन्हा उघडता येणारा जोड) टाका, आणि सगळे जोड आधी सोल्यूशनशिवाय (पाइप चिकटवायच्या द्रावाशिवाय) कोरडे लावून पाहा. सोल्यूशन लावल्यावर पूर्ण एक दिवस पाणी सोडू नका.

कोरडीवाळू (बोरिवली पश्चिम)

मी भाड्याच्या घरात राहते आणि माझी तयार टाकी टफन्ड काचेची आहे, त्यामुळे भोक पाडणे शक्य नाही. काठावर टांगायची ओव्हरफ्लोची पेटी मिळते, ती कितपत भरवशाची?

शंखशिंपला (माहीम)

ती पेटी उलट्या यू आकाराच्या नळीतल्या सायफनवर चालते. नळीच्या वरच्या वळणात हवेचे बुडबुडे हळूहळू जमतात आणि एके दिवशी सायफन तुटतो. वीज जाऊन परत आली आणि सायफन पुन्हा धरला नाही, तर पंप खालचे पाणी वर फेकत राहतो आणि वरची टाकी काठावरून वाहू लागते. तुम्हाला तीच वापरायची असेल, तर वळणातली हवा सतत ओढणारा छोटा पंप लावा आणि सम्पमधला पंपाचा कप्पा इतका लहान ठेवा की तो सगळा वर गेला तरी टाकी वाहणार नाही. माझा सल्ला विचाराल, तर भाड्याच्या घरात, जिथे टाकी कधीही हलवावी लागू शकते, तिथे सम्पशिवाय काठावर टांगायच्या स्किमरवर छोटी टाकी चालवणे अधिक सुरक्षित.

खाडीकाठ, मी सांगितलेला हिशेब केलात का?

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

केला आहे, तपासून द्यावा. काचेची जाडी वजा जाता टाकीच्या आतले क्षेत्रफळ ११७.६ × ५७.६, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ६.८ लिटर. ओव्हरफ्लोच्या कंगव्याचा (काठावरच्या दातेरी पट्टीचा) तळ चालू पातळीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली आहे आणि रिटर्नचे तोंड मी २ सेंटिमीटरपेक्षा खाली नेणार नाही. म्हणजे टाकीतून १७ लिटर येतील. ओव्हरफ्लोच्या पेटीत १० सेंटिमीटर पातळी उतरेल, त्याचे ७ लिटर. पाइपांतले २ लिटर धरले, तर एकूण २६ लिटर. सम्पमध्ये एका सेंटिमीटरला ३.४ लिटर मावतात, तेव्हा पातळी सुमारे ८ सेंटिमीटर चढेल. पाणी २० सेंटिमीटरवर चालवणार असल्याने वर २० सेंटिमीटर शिल्लक आहेत.

सम्पचे कप्पे असे ठरवले आहेत : डावीकडे पाणी उतरण्याची जागा आणि फिल्टरची पिशवी, मधला मोठा कप्पा स्किमरचा, मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा, आणि उजवीकडे २२ सेंटिमीटरचा पंपाचा कप्पा. बाष्पीभवनाची भर घालण्यासाठी शेजारी २० लिटरचा कॅन आणि स्वयंचलित पंप ठेवीन, म्हणजे गणपतीत पाच दिवस देवरुखला जाता येईल.

शंखशिंपला (माहीम)

हिशेब बरोबर आहे. स्किमरच्या माहितीपत्रकात पाण्याची किती खोली मागितली आहे ते पाहून त्या कप्प्याची आडवी काच बसवा. बहुतेकांना १८ ते २३ सेंटिमीटर लागते आणि ती खोली स्थिर राहावी लागते. बाष्पीभवनाने घटणारी पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात दिसली पाहिजे. मधल्या काचा काचेच्याच करा, कारण सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही, आणि बुरशीरोधक सिलिकॉन टाळा.

पण २० लिटरच्या कॅनबाबत थांबा. आपण वीज जाण्याचा हिशेब केला, आता उलटा करू. वीज चालू आहे, पंप चालू आहे आणि काही कारणाने उतरते पाइप तुंबले. तुमच्या पंपाच्या कप्प्यात एका सेंटिमीटरला सुमारे ०.८५ लिटर मावतात. पातळी १८ सेंटिमीटरवर आणि पंपाचे तोंड ५ वर धरले, तर पंप ११ लिटर वर फेकून कोरडा पडेल. वरच्या टाकीत चालू पातळीपासून काठापर्यंत ४ सेंटिमीटर, म्हणजे २७ लिटर जागा आहे, तेव्हा ११ लिटर आरामात मावतील. मात्र पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरताना पाहून स्वयंचलित भरणीला वाटणार की बाष्पीभवन झाले, आणि ती कॅनमधले २० लिटरही ओतणार. ११ आणि २० मिळून ३१ लिटर होतात आणि २७ च्या जागेत ते मावत नाहीत. कॅन १२ लिटरचाच ठेवा. मग एकूण २३ लिटर होतील आणि काकूंचे छत कोरडे राहील. तीन पाइप एकदम तुंबणे फार दुर्मीळ आहे, हे मान्य. पण तुम्ही गावी असताना टाकीजवळ कोणीच नसेल, म्हणून हा हिशेब सर्वांत वाईट प्रसंग धरूनच करावा.

गणपतीत शेजाऱ्यांना सांगून एकदा कॅन भरून घ्या. पाणी मात्र आधीच आर.ओ.-डी.आय.मधून (क्षार काढून टाकणाऱ्या गाळणीतून) काढून झाकून ठेवा. भातसा-तानसाचे पाणी मृदू असले, तरी क्लोरीन त्यात असतेच, आणि उन्हाळ्यात अनेक सोसायट्या टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळतात, तेव्हा टी.डी.एस. (विरघळलेले क्षार दाखवणारा) मीटर एका रात्रीत कुठच्या कुठे जातो.

लंबकोन (दादर)

विजेबाबत एक विनंती. कपाटातला बोर्ड तळाला न ठेवता बाजूच्या भिंतीवर उंच लावा, प्रत्येक वायर बोर्डात शिरण्यापूर्वी खाली एक झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, आणि या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सुकून प्लगवर मिठाची पांढरी साय धरते. ती दर महिन्याला ओल्या फडक्याने, अर्थातच वीज बंद करून, पुसावी.

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

बोर्ड वर घेतला. कॅन १२ लिटरचा आणला. एक शंका राहिली : मे महिन्यात पाणी तापेल, तेव्हा सम्पवर पंखा पुरेल का? आणि खडक कुठून आणावा?

शंखशिंपला (माहीम)

पंखा बाष्पीभवनातून गारवा देतो, त्यामुळे हवा कोरडी असेल तितका तो अधिक उपयोगी. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जूनपासून पुढे, त्याचा उपयोग बराच घटतो. पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचे असेल, तर आज ना उद्या चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा लागेल. म्हणून आताच रिटर्नच्या पाइपावर व्हॉल्व्हसह एक टी (तीन तोंडांचा जोड) ठेवून द्या, पुढे चिलरसाठी तोडफोड करावी लागणार नाही. चिलर कपाटात मात्र ठेवू नका. तो बाहेर टाकतो ती गरम हवा कपाटात कोंडते आणि सम्पचे पाणी पुन्हा तापवते.

खडक वाळलेलाच विकत घ्या. किनाऱ्यावरून किंवा कोणी "समुद्रातून आणलेला" म्हणून देऊ केलेला घेऊ नका. आपल्याकडे सर्व पाषाण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे, आणि अशा खडकावर प्रवाळाचा तुकडा असणे अगदी शक्य आहे. किनाऱ्यावरचे पाणीही नको. त्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. मीठ विकत घेऊनच कालवा.

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. टाकी उभी राहिली, अभियंत्यांनी जागा पाहून होकार दिला, आणि मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चार दिवस चाचणी केली. बादली ४२ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला सुमारे १७०० लिटर.

पहिल्या दिवशी पंप सुरू केल्यावर सायफन धरायला चार मिनिटे लागली आणि तोवर मोठा खळखळाट होत होता. पाइपलाइन यांना फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी उतरत्या पाइपाचे टोक सम्पमध्ये पाण्याखाली चार इंच गेले असल्याचे दाखवून दिले. पाइपातल्या हवेला एवढे पाणी ढकलून बाहेर पडावे लागत होते. टोक कापून एक इंचच पाण्याखाली ठेवले, आता दीड मिनिटात सायफन धरतो आणि नंतर शांतता असते. आईने रात्री विचारले की टाकी बंद आहे का.

वीज बंद करण्याची चाचणी तीन वेळा केली. कागदावर ८ सेंटिमीटर काढले होते, प्रत्यक्षात पातळी साडेनऊ सेंटिमीटर चढली. बराच वेळ कारण कळेना. मग लक्षात आले की स्किमरच्या उभ्या नळकांड्यात पातळीच्या वर उभे असलेले पाणीही पंप थांबताच सम्पमध्ये उतरते. ते चार-पाच लिटर मी धरलेच नव्हते. जागा होती म्हणून काही बिघडले नाही.

मग सायफनच्या तोंडावर तळहात ठेवला. पेटीतली पातळी चढली, हवेच्या नळीचे टोक बुडाले, एकदा दीर्घ घरघर झाली आणि दुसरा पाइप पूर्ण वेगाने चालू लागला. दुसऱ्यावरही हात ठेवल्यावर तिसऱ्यात पाणी पडू लागले, ते मोठ्या आवाजाने. तो आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

शंखशिंपला (माहीम)

स्किमरच्या पाण्याचा मुद्दा मी सांगायला हवा होता, राहून गेला. तिसऱ्या पाइपाचा आवाज होतो तो तसाच राहू द्या, तो कमी करण्याच्या फंदात पडू नका. पहिले दोन्ही पाइप तुंबल्याचे तुम्हाला त्यावरूनच कळेल. फिल्टरची पिशवी तीन-चार दिवसांनी धुवा, सायफनच्या तोंडावरची जाळी महिन्याला एकदा काढून स्वच्छ करा, आणि रिटर्नच्या पाइपाचे सायफन तोडणारे भोक दर पंधरा दिवसांनी दात कोरण्याच्या काडीने मोकळे करा. माझा त्याच भोकाने घात केला होता.

सम्पवर वीज चालू असतानाच्या कमाल पातळीची खूण केलीत का?

खाडीकाठ (मुलुंड पूर्व)

लाल मार्करने रेघ ओढली होती, पण पहिल्याच पुसण्यात ती निघून गेली.

पाइपलाइन (भांडुप)

काचेच्या बाहेरून लाल इन्सुलेशन टेपची पट्टी लावा, वरची कड बरोबर पातळीवर येईल अशी. माझ्या गिऱ्हाइकांकडे ती पाच-पाच वर्षे टिकली आहे.